बिळातला शेजार

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग शहराच्या उत्तरेला नार्सिस नावाची छोटी वस्ती आहे. एप्रिल सरता सरता तिथल्या चुनखडीच्या खड्ड्यांतून साप वर यायला लागतात, आणि मग कितीतरी दिवस येतच राहतात. सगळ्या खड्ड्यांचे मिळून हजारो, हजारोंचे हजारो. तांबूस अंगाचे, पिवळ्या पट्ट्यांचे हे गार्टर साप माणसाला काही करत नाहीत. खडक दिसेनासा होईल इतकी दाटी करून ते उन्हाला पडलेले असतात. इतके साप एका जागी जगात दुसरीकडे क्वचितच दिसत असतील.

एवढे जीव सहा-सात महिने एकाच कपारीत अंगाला अंग लावून काढतात, तर त्यांच्यात काही नातं, काही ओळख असेल की नाही? शास्त्रज्ञांचं उत्तर बराच काळ ‘नाही’ असंच होतं, आणि ते उगाच नव्हतं. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो आणि जमीन खोलवर गोठते. साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करू शकत नाही. गोठणाऱ्या थराच्याही खाली पोहोचणारी, ओल धरून ठेवणारी भेग सापडली तरच तो वाचतो. अशा भेगा मोजक्याच असतात, म्हणून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पाणथळीतूनही साप तिथेच परततात. पाऊस कोसळत असताना एसटीच्या थांब्यावर जमलेली माणसं एकमेकांची सोयरी नसतात, तसंच हे.

वसंतातल्या त्या गाजलेल्या गुंतवळ्यांमागेही मैत्री नाही. एका मादीभोवती अनेक नर वेटोळे घालतात, कारण तिच्या कातडीवरच्या रसायनाचा वास त्यांना खेचतो. रॉबर्ट मेसन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ते रसायन ओळखलं. गंमत म्हणजे नुकतेच बाहेर आलेले काही नरही काही काळ मादीसारखा वास सोडतात. बाकीचे नर फसून त्यांच्या अंगावर चढतात आणि गारठलेल्या त्या नराला फुकटची ऊब मिळते, शिवाय चोचीने सापाचं काळीज काढून खाणाऱ्या कावळ्यांपासून आडोसाही मिळतो. हा सगळा व्यवहार आहे, सहवास नव्हे.

म्हणजे बिळातली गर्दी हा सामाजिकतेचा पुरावा होत नाही. जागा मुबलक असतानाही साप कुणाची तरी सोबत निवडतो का, हे पाहायला हवं. मॉर्गन स्किनर आणि नोआम मिलर यांनी ऑंटारिओत नेमकं तेच केलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात गार्टर सापांची चाळीस पिल्लं होती. पेटीत लपायला एकाहून जास्त आडोसे होते. संशोधक दिवसातून दोनदा पिल्लं कुठे बसलीत याचं छायाचित्र घेत, मग त्यांना उचलून, पेटीतला वास पुसून, जागा बदलून पुन्हा सोडत. पिल्लं फिरून त्याच सोबत्यांपाशी जात. धीट कोण आणि भित्रं कोण, हेही सापागणिक वेगळं निघालं.

माझ्या मते याहून भक्कम पुरावा टिंबर रॅटलस्नेकचा आहे. आपल्या घोणशीसारखा हा विषारी साप पिल्लांनाच जन्म देतो. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या डोंगरकपारीत तो हिवाळा काढतो आणि वर्षानुवर्षं त्याच बिळात परततो. उन्हाळ्याच्या शेवटी जन्मलेल्या पिल्लाला ते बीळ कोण दाखवणार? विल्यम ब्राउन आणि सहकाऱ्याने १९८३ मध्ये दाखवून दिलं, की नवजात पिल्लू आपल्या जातीच्या सापांनी मागे ठेवलेल्या वासाच्या वाटेवरून चालतं. पुढे रूलन क्लार्क यांनी सख्ख्या भावंडांना जन्मापासून वेगवेगळं वाढवलं आणि दोन वर्षांहून अधिक काळाने जोडीजोडीने एकत्र ठेवलं. बहिणी-बहिणी परक्या मादीपेक्षा एकमेकींच्या जास्त जवळ, वेटोळ्यात वेटोळं घालून बसल्या. भावांमध्ये असं दिसलं नाही. २०१२ साली जनुकीय तपासणीतून कळलं, की रानातही गाभण माद्या उन्हाच्या खडकांवर नात्यातल्या माद्यांजवळच गोळा होतात. म्हणजे हिवाळ्याच्या बिळात सगळे, पण पिल्लांच्या वेळी आपलं माणूस जवळ.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रॅटलस्नेकवरचा प्रयोग तर मला फार भावला. चेल्सी मार्टिन आणि सहकाऱ्यांनी तो २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. घाबरवलेल्या सापाच्या हृदयाचे ठोके त्यांनी मोजले: एकदा तो एकटा असताना, एकदा शेजारी दुसरा साप असताना, आणि एकदा शेजारी सापाएवढी जाड दोरी ठेवून. अंधारात दोरीला साप समजणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो. साप मात्र दोरीला फसला नाही. खरा सोबती जवळ असतानाच त्याच्या ठोक्यांची वाढ कमी राहिली. एका भ्यालेल्या सापाला दुसऱ्याचा आधार वाटतो, याचं इतकं थेट मोजमाप मी दुसरं वाचलेलं नाही.

यावरून नाग मारला तर नागीण सूड घेते, ही आपल्याकडची समजूत खरी ठरत नाही. नाग-नागिणीचा संसार नसतो, आणि जोडीचा नाच म्हणून जो दाखवतात तो बहुतेकदा दोन नर धामणींचा कुस्तीचा पवित्रा असतो. पण साप म्हणजे एकलकोंडा, आईपिल्लू न ओळखणारा जीव, ही शास्त्राच्या नावाने पसरलेली समजूतही तितकीच खोटी आहे. रॅटलस्नेकची आई पिल्लांची पहिली कात पडेपर्यंत साधारण आठवडा-दीड आठवडा त्यांच्यापाशी थांबते. कळपातल्या हत्तिणीशी तिची तुलना नको, पण आठवडाभराची ती सोबत खरी आहे.

आणि अशा सोबतीची किंमत फार मोठी आहे. उत्तरेकडची टिंबर रॅटलस्नेक मादीला वयात यायला नऊ-दहा वर्षं लागतात, आणि मग तीन-चार वर्षांतून एकदाच ती विते. या सापांना मारण्याबद्दल अमेरिकेतल्या काही भागांत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सरकारी बक्षीस मिळत असे. शिकारी बिळाशी किंवा उन्हाच्या खडकाशी दबा धरून बसत, कारण साप तिथेच एकगठ्ठा सापडत. त्या खडकावर पडलेल्या माद्या एकमेकींच्या माय-लेकी, बहिणी असू शकतात, हे आता कळलं आहे. म्हणजे एका सकाळी काठीखाली एक अख्खं घराणं जात होतं. कॅनडात हा साप अखेरचा नायगाराच्या घळीत १९४१ साली नोंदला गेला. न्यूयॉर्क राज्यात आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे, तरी चोरटे थांबलेले नाहीत. म्हणूनच त्याच्यावर काम करणारे संशोधक शोधनिबंधात सापांची लांबी, वय, नातं सगळं छापतात, बिळाचा पत्ता मात्र छापत नाहीत.