स्टिअरिंगची कुरकुर काय सांगते?

दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवले की 'कुईंऽऽ' असा आवाज येतो. काही दिवसांनी खड्ड्यातून वळताना 'खट्' होते. जुनी गाडी आहे, वाजायचीच, असे म्हणून आपण गाणी थोडी मोठ्याने लावतो. जुनी गाडी वाजते हे खरेच आहे. पण सगळे आवाज सारखे नसतात. काही फक्त खिशाला चाट लावतात, काही मात्र जिवावर बेतू शकतात. अडचण अशी, की जो आवाज सर्वांत मोठा तोच सर्वांत धोकादायक, असा इथे नियम नाही. कानठळ्या बसवणारी किंकाळी साध्या पट्ट्याची असू शकते आणि दबकी 'खट्खट्' चाक सुटण्याची पूर्वसूचना ठरू शकते.

पॅरिसमधील डॉक्टर रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून एका रुग्णाच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. गॅरेजमधला जुना मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनच्या भागावर आणि मूठ कानाला टेकवतो, तेव्हा तोही तेच करत असतो. घन पदार्थातून ध्वनी चांगला वाहतो. पोलादातून तर तो हवेच्या सुमारे १५ पट वेगाने जातो. याचा फायदा आहे, तसा तोटाही आहे. डाव्या चाकापाशी झालेली 'खट्' सांगाड्यातून वाहत जाऊन थेट पायाखाली किंवा स्टिअरिंगच्या खांबात ऐकू येते. म्हणून 'आवाज कुठून येतो' या प्रश्नाआधी 'आवाज केव्हा येतो' हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर जास्त भरवशाचे असते.

जोडणी वेगळी, मदत वेगळी

स्टिअरिंगच्या यंत्रणेत दोन गोष्टी एकत्र नांदतात. पहिली म्हणजे जोडणी. आपल्या हातातल्या चक्रापासून निघालेला दांडा खाली रॅकपर्यंत जातो, रॅक डावी-उजवीकडे सरकतो, त्याच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाकांना वळवतात. चाक ज्या बॉल जॉइंटवर फिरते, तोही याच साखळीतला. दुसरी गोष्ट म्हणजे मदत, अर्थात पॉवर स्टिअरिंग. अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, पण ते विक्रीच्या मोटारीत यायला १९५१ साल उजाडले. क्रायस्लर इम्पीरियल ही ती मोटार. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या मारुती ८०० ला अशी मदत नव्हती, सगळा भार चालकाच्या मनगटावर होता.

ही मदत दोन प्रकारे मिळते. हायड्रॉलिक प्रकारात इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. इलेक्ट्रिक प्रकारात तेल नसते, एक मोटर जोर लावते. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीतून हा प्रकार बाजारात आला आणि आता बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत तोच असतो. बॉनेट उघडल्यावर स्टिअरिंगच्या तेलाची छोटी टाकी दिसली तर गाडी पहिल्या प्रकारची, नाही तर बहुधा दुसऱ्या.

हा फरक महत्त्वाचा आहे. मदत बंद पडली तर स्टिअरिंग जड होते, पण चाके वळतात. जोडणी तुटली तर चाक आपले ऐकतच नाही. ढोबळमानाने, लांबलेला आवाज म्हणजे गुणगुण, कुईकुई, किंचाळी हा बहुधा मदतीच्या बाजूचा. तुटक आवाज म्हणजे खट्, टक्, कट् हा बहुधा जोडणीचा किंवा चाकाच्या आसपासचा.

पाच साध्या चाचण्या

सपाट जागी हँडब्रेक लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सुरुवात करावी. एक जण आत आणि एक जण बाहेर असला तर उत्तम.

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून करायची. चावी फिरवून स्टिअरिंगचे कुलूप काढावे आणि चक्र थोडेसेच डावी-उजवीकडे हलवावे. इंजिन बंद म्हणजे मदत बंद. त्यामुळे आता जी खट्खट् ऐकू येईल ती जोडणीचीच. बाहेरच्या माणसाने चाकाकडे नीट पाहावे. चक्र हलूनही चाक जरा उशिरा हलत असेल, तर मध्ये कुठेतरी सांधा ढिला झाला आहे.

दुसरी चाचणी इंजिन सुरू करून. चक्र सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावे. आता नव्याने आलेली गुणगुण किंवा किंचाळी मदतीच्या यंत्रणेची. चक्र अगदी टोकाला नेऊन पाच-दहा सेकंदांहून जास्त दाबून धरू नये. तिथे तेलाला जायला वाट नसते आणि दाब कमाल होतो. गाडीच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, तर या अवस्थेत पंपाचा दाब ८० ते १०० बारपर्यंत चढू शकतो. या चाचणीत कोणीही पंखा किंवा पट्ट्याजवळ हात नेऊ नये.

तिसरी चाचणी मोकळ्या मैदानात. अगदी हळू वेगात आधी डावीकडे, मग उजवीकडे गोल फिरावे. चौथी गतिरोधकावर. चाके सरळ ठेवून हळू जावे. चाके सरळ असतानाही खडखड होत असेल, तर दोष स्टिअरिंगपेक्षा सस्पेन्शनमध्ये, म्हणजे लिंक रॉड, बुश किंवा शॉकअबमध्ये असण्याची शक्यता जास्त. पाचवी चाचणी मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटरने, हलक्या वळणांवर.

कोणता आवाज कशाचा?

'घुंऽऽ' किंवा रडका सूर, चक्र वळवले की वाढणारा: हायड्रॉलिक गाडीत सर्वांत आधी तेलाची पातळी पाहावी. तेल कमी झाले किंवा टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप ढिला झाला, की पंप तेलासोबत हवाही ओढतो. हवेचे बुडबुडे दाबाखाली आले की फुटतात आणि त्याचा सूर उमटतो. टाकीत फेस दिसला तर हेच कारण समजावे. थंडीच्या सकाळी काही मिनिटेच येणारी गुणगुण मात्र घट्ट झालेल्या तेलामुळेही असते. तेल जळकट तपकिरी झाले असेल तर ते बदलायचे. कोणते तेल घालायचे ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, दुसरे कुठलेही चालत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेल आपोआप उडून जात नाही. वरून भरल्यावर आवाज थांबला, तरी ते कुठून गळते हे शोधेपर्यंत काम पुरे झालेले नसते. शिवाय गरम सायलेन्सरच्या पाइपावर गळणारे तेल पेट घेऊ शकते.

किंचाळी, विशेषतः स्टिअरिंग टोकाला गेल्यावर: पंपावर भार सर्वाधिक असतो तेव्हा ढिला किंवा गुळगुळीत झालेला पट्टा पुलीवर घसरतो. दुरुस्ती तुलनेने स्वस्तातली. पण अनेक गाड्यांत याच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही चालतो. तो तुटला तर इंजिन तापून बंद पडू शकते, म्हणून टाळाटाळ नको.

करकर, जुन्या दरवाजाच्या बिजागरीसारखी: ग्रीस संपलेला बॉल जॉइंट किंवा सुकलेला सांधा. फळ्यावर खडू करकरतो त्यामागचेच विज्ञान इथे आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात. सेकंदाला शेकडो वेळा हे घडले की कंप तयार होतो. आपल्याकडे पावसाळा याला हातभार लावतो. सांध्यावरचे रबरी बूट फाटले की चिखल-पाणी आत जाते, ग्रीस धुऊन निघते आणि काही महिन्यांत करकरीची खट्खट् होते.

'टण्' किंवा ताणलेली तार सुटल्यासारखा आवाज, उभी गाडी वळवताना: पुढच्या शॉकअबच्या माथ्यावर एक बेअरिंग असते, त्यामुळे स्प्रिंग चाकाबरोबर सहज फिरते. ते अडकले की स्प्रिंगला पीळ पडतो आणि मध्येच सुटतो. बॉनेट उघडून शॉकअबच्या माथ्यावर बोटे टेकवली आणि दुसऱ्याने चक्र फिरवले, तर ती उडी बोटांना जाणवते. स्प्रिंगच्या वेटोळ्यात मात्र बोटे घालू नयेत.

'टक् टक् टक्', वळताना, चाकाच्या गतीबरोबर वाढणारा: इंजिनची ताकद पुढच्या चाकांना पोहोचवणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा सीव्ही जॉइंट. आल्फ्रेड रेझेप्पा यांनी १९२० च्या दशकात याची जी रचना केली, तिच्यात सहा गोळ्या खाचांमधून फिरतात. खाचा झिजल्या की वळणावर त्या टकटकतात. तिसऱ्या चाचणीत एका बाजूला वळताना आवाज स्पष्ट येतो आणि दुसरीकडे कमी होतो, तो याचमुळे.

वेगाबरोबर वाढणारा 'हूंऽऽ': व्हील बेअरिंग. डावीकडच्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूचा, उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूचा.

चक्राच्या आतच कागद घासल्यासारखी खरखर: एअरबॅग आणि हॉर्नच्या तारा चक्राबरोबर फिरता याव्यात म्हणून आत गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते, ती झिजलेली असू शकते. सोबत एअरबॅगचा दिवा लागला किंवा हॉर्न अधूनमधून वाजेनासा झाला, तर शंका पक्की. एअरबॅगमध्ये स्फोटक द्रव्य असते. हे काम प्रशिक्षित माणसानेच करावे.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीत खराब रस्त्यावर चक्राखालून येणारी कटकट बऱ्याचदा आतल्या दातेरी चाकांतल्या फटीमुळे किंवा मधल्या दांड्याच्या सांध्यामुळे असते. इथे तेल घालण्याचा प्रश्नच येत नाही. कोणी 'पॉवर स्टिअरिंगचे तेल बदलले' असे बिल लावले, तर टाकी कुठे आहे ते विचारावे.

काही आवाज आजार नसतातच. मॉलच्या तळघरातील गुळगुळीत फरशीवर टायर चिरकतात, ते फक्त रबर घसरल्यामुळे. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर सुरू झालेली कर्कश घासघास कधी ब्रेकच्या डिस्कमागील पत्र्यात अडकलेल्या एका खड्याची असते. मोठे टायर बसवून घेतले असतील, तर पूर्ण वळणावर ते आतल्या प्लास्टिकला घासत नाहीत ना, हेही पाहावे.

गाडी कधी बाहेर काढू नये?

खट्खट् आवाजाबरोबर चक्रात मोकळा खेळ आला असेल, सरळ रस्त्यावर गाडी भरकटत असेल, वळवल्यावर चक्र मध्यावर परत येत नसेल, मध्येच अडकत असेल किंवा नव्या टायरची एकच कड झपाट्याने झिजत असेल, तर टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट तपासल्याशिवाय गाडी चालवू नये. बॉल जॉइंट निसटला की चाक बाहेर कलंडते आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. टाय रॉड सुटला तर एक चाक स्वतःच्या मर्जीने वळते. ज्या घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असते, तिथे हे होण्याची वाट पाहायची नसते. अशा गाडीला टो करून गॅरेजला न्यावे.

तपासणीची पद्धत मेकॅनिककडे उभे राहून पाहता येते. चाक उचलून ते घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले की टाय रॉडचा ढिलेपणा कळतो, बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले की बॉल जॉइंटचा. दोन्हीकडे सारखाच ढिलेपणा असेल तर बेअरिंगचा संशय घ्यावा. हे घरी करताना नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

मेकॅनिकला काय सांगावे?

'स्टिअरिंग वाजते' एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरांना 'बरे वाटत नाही' म्हणण्यासारखे आहे. मग कधी कधी अख्खा रॅक बदलला जातो आणि तीच खट् घेऊन आपण परत येतो, कारण दोष शंभरपट स्वस्त अशा एखाद्या बुशमध्ये असतो. त्यापेक्षा चार ओळी लिहून न्याव्यात. आवाज केव्हापासून, गाडी उभी असताना की चालताना, डावीकडे की उजवीकडे वळताना, थंड इंजिनवर की गरम झाल्यावर. मोबाइलवर आवाज मुद्रित करून न्यावा, कारण गॅरेजच्या दारात पोहोचताच गाडी हमखास गप्प बसते. मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि हातात धरून हलवून पाहावा. टाय रॉड किंवा बॉल जॉइंट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर पहिल्या दोन चाचण्या सौदा ठरवण्याआधीच कराव्यात. त्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. फक्त म्युझिक सिस्टीम बंद ठेवावी, काचा खाली घ्याव्यात आणि विकणाऱ्याला दोन मिनिटे न बोलण्याची विनंती करावी.