गळा बदलला, गाणं बदललं

किते हे गाव फिनलंडच्या पूर्व टोकाला, रशियाच्या सरहद्दीजवळ. तळी, जंगल आणि जेमतेम दहा हजार वस्ती. फिनलंडमध्ये या गावाची ओळख होती ती घरगुती गावठी दारूसाठी. प्लामेन दिमोव नावाच्या संगीतशिक्षकाच्या हाताखाली याच गावात तीन मुलं शिकली: किबोर्ड वाजवणारा तुओमास होलोपाइनेन, गिटारिस्ट एम्पू वूओरिनेन आणि गाणारी तार्या तुरुनेन. १९९६च्या उन्हाळ्यात तुओमास मित्रांबरोबर शेकोटीभोवती बसला होता. अकूस्टिक गिटार, बासरी, थोडा किबोर्ड आणि बाईचा आवाज असं शेकोटीजवळ शोभेल असं शांत संगीत करावं, अशी कल्पना त्याला तिथं सुचली. डिसेंबरात तीन गाण्यांचा डेमो तयार झाला. त्यातल्या एका गाण्याचं नाव होतं ‘नाइटविश’, आणि तेच बँडचं नाव झालं.

शांत संगीताचा बेत मात्र फसला, आणि तो तार्याच्या आवाजाने फसवला. ती शास्त्रीय गायनाचं रीतसर शिक्षण घेत होती. माइक नसतानाही सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला शिकलेला तो गळा, आणि साथीला दोन नाजूक गिटारी! तोल जमेना. तो साधायचा तर साथ वजनदार हवी, म्हणून ड्रमर युक्का नेवालाइनेन आला आणि एम्पूने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली. हा बँड मेटलकडे वळला तो गायिकेचा आवाज पेलण्यासाठी. नाइटविशच्या पुढच्या इतिहासाची किल्ली या एका गोष्टीत आहे. चाली आणि शब्द बहुतेक सगळे तुओमासचे असले, तरी समोर कोण गातंय त्यावर त्याचं संगीत ठरत आलं आहे.

सिम्फॉनिक मेटल म्हणजे काय, हे ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खाली डबल बेस ड्रमचा मारा आणि खरखरीत गिटार, त्यावर व्हायोलिन-चेलो-ब्रासचा ताफा, समूहगायन, आणि या सगळ्याच्या वर मुख्य गायकाचा किंवा गायिकेचा आवाज. जागा कमी आणि गर्दी फार. पाश्चात्त्य शास्त्रीय तालमीचा गळा इथे कामाला येतो, कारण त्याचा नाद चिरका न होता वाद्यांच्या कोलाहलावर तरंगतो. तुओमासला हा प्रकार आकाशातून मिळाला नव्हता. ‘द गॅदरिंग’, ‘थिएटर ऑफ ट्रॅजेडी’ असे गायिका असलेले युरोपीय बँड तो ऐकत होता. हान्स झिमर, डॅनी एल्फमन यांचं चित्रपटसंगीत आणि डिस्नेच्या परीकथा ही त्याची दुसरी शिदोरी.

पहिला अल्बम ‘एंजल्स फॉल फर्स्ट’ १९९७च्या नोव्हेंबरात आला. त्यातल्या काही गाण्यांत तुओमास स्वतः गायला आहे. ते एकदा ऐकलं की त्याने पुढे गाणं का सोडलं हे कोणी सांगावं लागत नाही. गावातला पहिला जाहीर कार्यक्रम त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री झाला. वर्षभरात ‘ओशनबॉर्न’ आला आणि हा सगळा चाचपडण्याचा मामला संपला. ‘पॅशन अँड द ऑपेरा’ या गाण्याच्या शेवटी तार्या शब्द सोडून नुसत्या सुरांच्या वेगवान ताना घेते. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधल्या रात्रीच्या राणीच्या गाण्याची आठवण व्हावी अशा त्या जागा आहेत, आणि मागे ड्रम धावत असतात. २०००मध्ये ‘विशमास्टर’ आला. त्याच वर्षी युरोव्हिजन या गीतस्पर्धेच्या फिनिश निवडफेरीत श्रोत्यांनी नाइटविशला डोक्यावर घेतलं. परीक्षकांनी खाली ओढलं.

२००१मध्ये बास गिटारिस्ट मार्को हिएताला आला. ‘तारोत’ या जुन्या बँडचा हा दाढीवाला गडी. त्याच्यामुळे दुसरा आवाज मिळाला, खडबडीत आणि मर्दानी. ‘सेंच्युरी चाइल्ड’मध्ये (२००२) ‘फँटम ऑफ द ऑपेरा’चं द्वंद्वगीत घेता आलं ते मार्कोमुळेच. खरा ऑर्केस्ट्राही याच अल्बमपासून आला. तोवर सगळी व्हायोलिनं तुओमासच्या किबोर्डमधून निघत होती. २००४च्या ‘वन्स’साठी मंडळी थेट लंडनला गेली, वाद्यवृंदाची मांडणी पिप विल्यम्सकडे सोपवली, आणि अल्बम जर्मनीतही पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

या अल्बममधलं ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ थोडं जवळून बघण्यासारखं आहे. दहा मिनिटांची ही रचना गाण्यापेक्षा चित्रपटाच्या पार्श्वसंगीताच्या वळणावर जाते. समूहगायनाने दार उघडतं, मग कडवी, मग धृपद, आणि मधे एक लांबलचक पट्टा येतो ज्यात गायिकेला काहीच काम नसतं. ऑर्केस्ट्रा एकेक पायरी चढत जातो, थांबतो, पुन्हा चढतो. शेवटी गायिका परत येते तेव्हा धृपदाची आवर्तनं सुरू होतात आणि प्रत्येक आवर्तनात मागची गर्दी वाढत जाते. तार्या हे सगळं ताठ मानेनं गाते. आवाज गोल आणि कंप मोजका, सूर पुतळ्यासारखा स्थिर. संगीत कोसळत असताना ती कोसळत नाही, आणि तोच परिणाम तुओमासला हवा होता.

मग २१ ऑक्टोबर २००५. हेलसिंकीच्या हार्टवाल अरीनात दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. तो संपल्यावर चौघांनी तार्याच्या हातात एक पत्र ठेवलं: यापुढे तुझ्याविना. तेच पत्र बँडच्या वेबसाइटवर जगजाहीर करण्यात आलं. तिचं वागणं, पैशाकडे वाढलेला ओढा, तिचे अर्जेंटिनी पती आणि व्यवस्थापक मार्सेलो काबुली यांचा प्रभाव, अशा तक्रारी त्यात होत्या. नाटक कंपन्या फुटण्याच्या कहाण्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला भांडणाचं नवल वाटणार नाही. पण घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडण्याची ही रीत हलकी होती, असंच म्हणावं लागतं. ज्या आवाजामुळे बँडने आपला बाज बदलला त्याला निरोप देण्याची ही तऱ्हा नव्हे.

नव्या गायिकेसाठी डेमो मागवले, ते दोन हजारांच्या आसपास आले. दरम्यान तुओमास गायिकेविना गाणी लिहीत बसला. ‘डार्क पॅशन प्ले’चा मोठा भाग कोण गाणार हे ठरायच्या आधीच रचला गेला होता, आणि हे त्या अल्बममध्ये ऐकू येतं. चौदा मिनिटांचं ‘द पोएट अँड द पेंड्युलम’ म्हणजे संगीतकाराने स्वतःच्या मरणाचं लिहिलेलं नाटक आहे. ‘बाय बाय ब्यूटिफुल’ तार्याला उद्देशून आहे, आणि ‘मास्टर पॅशन ग्रीड’ तर गायिकेला पूर्ण बाजूला ठेवून मार्कोनेच गायलं. २००७च्या मे महिन्यात नाव जाहीर झालं: स्वीडनची आनेट ओल्झोन. आधी ‘अ‍ॅलिसन अ‍ॅव्हेन्यू’ या रॉक बँडमध्ये गाणारी, ऑपेराशी संबंध नसलेली, बोलल्यासारखं गाणारी बाई.

तार्याची दुसरी प्रत शोधायची नाही हे तुओमासने जाणूनबुजून ठरवलं होतं. निर्णय शहाणपणाचा होता, पण किंमत आनेटने मोजली. नवी गाणी तिच्या तोंडी शोभत, मात्र दौऱ्यावर लोकांना जुनीही हवी असत. ‘विशमास्टर’च्या काळातल्या चाली दुसऱ्याच गळ्याच्या मापाने शिवलेल्या होत्या. तिच्या प्रत्येक मैफलीची तुलना तार्याच्या मैफलीशी व्हायची, आणि ती तुलना तिच्या बाजूने कधीच लागत नसे.

म्हणूनच २०११चा ‘इमॅजिनेरम’ महत्त्वाचा. आनेटचा गळा डोळ्यासमोर ठेवून तुओमासने लिहिलेला हा पहिला आणि शेवटचा अल्बम. ‘स्लो, लव्ह, स्लो’मध्ये ती धुरकट जॅझ क्लबातल्या गायिकेसारखी मंद गाते. ‘स्केअरटेल’मध्ये चेटकिणीसारखी चिरकते, खिदळते, पात्रं बदलते. ऑपेराचा ताठरपणा असता तर यातलं काहीच जमलं नसतं. गाण्याला अभिनय आला, तुओमासची परीकथेची हौस भागली, आणि या संगीतावर स्टोबे हार्यूने त्याच नावाचा चित्रपटही केला. नाइटविशचा सर्वांत मोकळा, खेळकर अल्बम हाच. आनेटला कमी लेखणाऱ्यांनी तो पुन्हा ऐकावा.

पण दिवस भरले होते. २०१२च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेच्या दौऱ्यात डेन्व्हरला आनेट आजारी पडून रुग्णालयात दाखल झाली. त्या रात्री कार्यक्रम रद्द न करता सोबतच्या बँडबरोबर आलेल्या एलिझ रिड आणि अलिसा व्हाइट-ग्लझ या दोघींनी गाणी सांभाळली. आपल्याला न विचारता हे केल्याचं आनेटने उघडपणे लिहिलं. तीन दिवसांनी ती बँडमध्ये नव्हती. कारणं दोन्ही बाजूंनी वेगवेगळी सांगितली गेली.

दौरा अर्धाच झाला होता. फोन गेला नेदरलँड्सच्या फ्लोर यान्सेनला. ‘आफ्टर फॉरेव्हर’मध्ये ती सोळाव्या वर्षापासून गात होती, तो बँड २००९मध्ये संपला होता, आणि अतिश्रमाने आलेल्या थकव्यातून ती नुकती कुठे सावरत होती. तिने होकार दिला, विमान पकडलं, प्रवासात गाणी घोकली आणि १ ऑक्टोबरला सिअ‍ॅटलच्या रंगमंचावर उभी राहिली.

पुढच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात नाइटविशच्या कार्यक्रमाचं चित्रण झालं, आणि त्यातलं ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ जगभर पसरलं. गायनाचे शिक्षक हा व्हिडिओ लावून त्यावर बोलतात, असा यूट्यूबवर जणू वेगळा उद्योगच उभा राहिला आहे. कारण उघड आहे. कडव्यांत फ्लोर हलक्या आवाजात गाते, मधल्या भागात ऑपेराचा गोल नाद काढते, आणि शेवटच्या आवर्तनांत छातीचा पूर्ण जोर लावून रॉकच्या ढंगात सूर फेकते. अखेरचा लांबवलेला सूर ती धरते आणि धरलेल्या जागेवरून आणखी वर नेते. तार्याच्या गाण्यात जे कोसळत नव्हतं, ते इथे कोसळतं आणि त्यातूनच उभं राहतं. ऑक्टोबर २०१३मध्ये ती कायम झाली. तिच्याबरोबरच इंग्लंडचा ट्रॉय डोनॉकलीही. अनेक वर्षं पाहुणा म्हणून आयरिश पाइप्स वाजवणारा हा गृहस्थ आता घरचा झाला.

एवढा पल्ल्याचा आवाज हाती आल्यावर तुओमासने काय करावं? २०१५च्या ‘एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल’मध्ये त्याने तिला बव्हंशी हळू गायला लावलं. अल्बमचं नाव डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या अखेरच्या वाक्यातलं, निवेदन रिचर्ड डॉकिन्स यांचं, आणि शेवटची रचना तब्बल चोवीस मिनिटांची. परीकथेतला मुलगा उत्क्रांतीकडे वळला होता. विषय मोठा, ऑर्केस्ट्रा मोठा, पण गायिका मात्र लगाम ओढल्यासारखी. वाकेनमधल्या फ्लोरची वाट बघणारे नाराज झाले, आणि त्यांची नाराजी रास्त होती. डिसेंबरात लंडनच्या वेम्बली अरीनात डॉकिन्स स्वतः रंगमंचावर आले, त्या रात्री मात्र फ्लोरने सगळी कसर भरून काढली.

२०२०च्या दुहेरी ‘ह्यूमन-नेचर’मध्ये लगाम थोडा सैल झाला. ‘शूमेकर’ हे गाणं भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर यांच्यावर आहे, ज्यांच्या अस्थी चंद्रावर पोचल्या. त्याच्या अखेरीस फ्लोर पूर्ण ऑपेराच्या थाटात चढते. पण गंमत बघा: याच अल्बमच्या दुसऱ्या तबकडीत अर्धा तास निव्वळ ऑर्केस्ट्रा आहे आणि बँड जवळपास गप्प. बँडशिवायही आपलं चालतं का, हे संगीतकार तपासून पाहतोय, असं वाटण्याजोगी ती तबकडी आहे. पुढे जानेवारी २०२१मध्ये मार्को नैराश्य आणि संगीतधंद्याला विटल्याचं सांगून बाहेर पडला. ड्रमर युक्का निद्रानाशामुळे आधीच थांबला होता आणि त्याच्या जागी काई हाहतो आला होता. सुरुवातीच्या चौघांपैकी आता तुओमास आणि एम्पू दोघेच उरले.

‘येस्टरविंड’ सप्टेंबर २०२४मध्ये आला, तोही दौरा करणार नाही असं आधीच सांगून. मार्को आणि तार्या, एकेकाळी त्या पत्राच्या दोन टोकांना असलेले, आता एकत्र मैफली करतात. आनेट स्वतंत्र गाते.

नवख्या श्रोत्याने सुरुवात ‘वन्स’पासून करावी, मग ‘इमॅजिनेरम’ आणि त्यानंतर वाकेनचं ध्वनिचित्रण. ‘एंजल्स फॉल फर्स्ट’ अगदी शेवटी ठेवावा, आणि तुओमासचं गाणं आलं की हसू आवरावं.