नांव अडतें, म्हणून फाइल अडते

वर्धा जिल्ह्यांतील देवळी येथील एखाद्या कचेरीची कल्पना करावी. कांहीं टेबलांवर विंडोजचे संगणक आहेत, कांहींवर लिनक्सचे. सर्वांचें सामायिक दप्तर लिनक्सच्या एका संगणकांत आहे. कारकून एका शेतकऱ्याच्या प्रकरणाची फाइल तेथें ठेवूं जातो, तों ‘फाइल निर्माण होऊं शकत नाहीं’ असें उत्तर पडद्यावर उमटतें. मग तो ती आपल्याच यंत्रांत ठेवतो. पुढें तें यंत्र बिघडलें म्हणजे शेतकऱ्याचा कागद गेलाच. यास्तव हें दुखणें नीट ओळखलें पाहिजे.

जाळ्यावरून फाइली ठेवण्याच्या दोन रीती निरनिराळ्या घराण्यांत जन्मल्या. एस्. एम्. बी. ही आय्. बी. एम्. कंपनींत १९८३ च्या सुमारास निघाली, एन्. एफ्. एस्. ही सन मायक्रोसिस्टिम्सनें १९८४ च्या सुमारास काढली. लिनक्सच्या संगणकास विंडोजची रीत शिकविणारा सांबा हा दुभाषी अँड्र्यू ट्रिजेल यांनीं ऑस्ट्रेलियांत १९९२ च्या सुमारास रचला. तथापि दुभाषी आला तरी मूळचे भेद राहतातच.

पहिला भेद चिन्हांचा. प्रश्नचिन्ह, तारका, अपूर्णविराम हीं विंडोजला नांवांत वर्ज्य. लिनक्सला तीं चालतात.

दुसरा भेद लांबीचा, आणि तो मराठी माणसास विशेष जाचतो. लिनक्सवर नांवाची मर्यादा बहुधा २५५ बाइटांची असते. यू. टी. एफ्.-८ या लेखनपद्धतींत साध्या रोमन अक्षरास १ बाइट लागतो, तर देवनागरींतील प्रत्येक चिन्हास, मग तें अक्षर असो वा काना-मात्रा, ३ बाइट. ‘देवळी’ या नांवांत ५ चिन्हें, म्हणजे १५ बाइट झाले. अर्थात् ८५ चिन्हांपुढें मराठी नांव अडतें, विंडोजच्या एन्. टी. एफ्. एस्. मध्यें मात्र अशीं २५५ चिन्हें मावतात.

तिसरा भेद ओळखीचा. एन्. एफ्. एस्. ची जुनी रीत मनुष्यास क्रमांकानें ओळखते, एस्. एम्. बी. नांवानें व परवलीच्या शब्दानें. त्यामुळें एकच कारकून दोन दारांनीं आला, तर दोन परके ठरण्याचा संभव असतो.

परीक्षा सोपी आहे. दोनतीन रोमन अक्षरांच्या नांवाची फाइल त्याच जागीं करून पाहावी. ती झाली, तर दोष मूळ नांवांत; तें आटोपशीर करावें व चिन्हें गाळावीं. ती झाली नाहीं, तर दप्तराच्या संगणकांत जागा उरली आहे काय, हें प्रथम पाहावें. नंतर त्या कारकुनास लिहिण्याचा अधिकार आहे काय, हें तपासावें. घाईनें सर्वांसच तो अधिकार देणें म्हणजे किल्ली सांपडेना म्हणून दारच काढून टाकणें होय.