ई-मेलची गोपनीयता
ई-मेलने पाठविलेला मजकूर प्रेषक व ग्राही यांच्याखेरीज इतरांस ज्ञात होऊ नये, हा व्यक्तीचा हक्क. राज्याची सुरक्षितता व गुन्ह्यांचा तपास यांसाठी असा मजकूर मिळविण्याचा अधिकार शासनास कायद्याने दिलेला असतो. या दोहोंची सांगड घालताना अधिकार कोणी वापरावयाचा व त्यावर देखरेख कोणी ठेवावयाची, हा मुख्य प्रश्न ठरतो.

बंद लिफाफा उघडल्यास त्याची खूण बहुधा राहते. ई-मेलची प्रत मात्र कोणतीही खूण न ठेवता काढता येते. गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा या गावाहून गोंदिया शहरी पाठविलेला ई-मेलही थेट जात नाही. तो प्रथम प्रेषकाला सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, तेथून ग्राहीच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो व तेथे साठविला जातो. प्रवासात त्याचे सांकेतिकीकरण झाले, तरी सर्व्हरवरील मजकूर सामान्यतः कंपनीच्या आवाक्यात असतो. प्रेषकापासून ग्राहीपर्यंत अखंड सांकेतिकीकरण केल्यास मजकूर कंपनीसही कळत नाही. तथापि कोणी, कोणास व केव्हा लिहिले, ही माहिती बहुधा उघडी राहते. म्हणून मजकूर मिळविण्याचा आदेश मुख्यतः सेवादात्या कंपनीवर बजावला जातो.

भारतीय तार अधिनियम, १८८५ याच्या कलम ५ (२) नुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांचा प्रश्न असेल, तरच संदेश मध्येच अडवून पाहता येत असे. त्याची जागा घेणाऱ्या दूरसंचार अधिनियम, २०२३ यातही ही अट आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील पाळतीसाठी गृहसचिवांचा आदेश व पुनर्विलोकन समिती हे निर्बंध घातले. या अटीच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी-पाळतीचे आदेश रद्द ठरविले आणि मिळविलेली ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले.

ई-मेलला ही अट लागू होतेच असे नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६९ मध्ये २००८ च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही गुन्ह्याचा तपास हेही पुरेसे कारण मानले आहे. सहकार्य न करणाऱ्या सेवादात्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २००९ च्या नियमांनुसार आदेशाची मुदत ६० दिवसांची असून ती एकूण १८० दिवसांपर्यंत वाढविता येते. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने दहा यंत्रणांना हे अधिकार दिले.

महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलमे १३ ते १६ मध्ये इलेक्ट्रॉनिक संदेशांवरील पाळतीची स्वतंत्र तरतूद केली. दूरसंचार हा केंद्राचा विषय असल्याने ही कलमे राज्य विधिमंडळाच्या अधिकाराबाहेरची आहेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो फिरविला. कायदा व सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्याचे विषय असल्याने तरतूद वैध ठरली.

या सर्व व्यवस्थांत एक साम्य आढळते. आदेश गृहविभागाचे सचिव देतात आणि राज्यात त्याचे पुनर्विलोकन मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती करते. दोन्ही टप्पे कार्यकारी सत्तेतच राहतात. पाळत ठेवलेल्या व्यक्तीस ती चालू असताना कळविले जात नाही व नंतर कळविण्याचीही सर्वसाधारण तरतूद नाही. त्यामुळे खटला उभा न राहिल्यास तिला न्यायालयात दाद मागण्याची संधीच मिळत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले व त्यावरील निर्बंध कायद्याने घातलेला, रास्त हेतूचा आणि हेतूच्या प्रमाणात असावा, असे तत्त्व घालून दिले. ही कसोटी प्रत्येक आदेशाला लावण्याचे काम मात्र आजही आदेश देणाऱ्या सत्तेकडेच आहे.