निळी जीन्स घरीच राहू द्या

टांझानियाच्या सफारीला निघालेली मंडळी बॅग भरताना खल करतात तो कॅमेरा, दुर्बीण आणि चिवड्याच्या पुड्यांचा. सफारीवाले मात्र आधी भलतंच बजावतात : निळे आणि काळे कपडे आणू नका. का बरं? सिंहाला निळ्याचं वावडं आहे? सिंहाचा इथे काडीचा संबंध नाही. हा फतवा आहे एका माशीचा!

तिचं नाव त्सेत्से. घरमाशीपेक्षा थोडी मोठी, तपकिरी. जीपच्या काचेवर बसली की निरखून बघा. कात्रीच्या मिटलेल्या पात्यांसारखे तिचे पंख बरोबर एकावर एक येतात आणि तोंडापुढे सोंड सरळ रोखलेली असते. डासांत रक्त फक्त मादी पिते. इथे नरही पितो. तेही भरदिवसा, पातळ कापडाच्या आरपार. डासांसाठीचं क्रीम तिच्यापुढे फारसं चालत नाही.

तारांगिरे किंवा सेरेंगेटीच्या झाडीतून जाताना टांगलेली निळी-काळी फडकी दिसतात. ते सापळे आहेत. निळा रंग माशीला दुरून खेचतो, काळ्यावर ती येऊन बसते आणि कापडाला लावलेलं कीटकनाशक तिचा निकाल लावतं. आता निळी जीन्स आणि काळा टी-शर्ट घालून जीपमध्ये बसलेले तुम्ही कोण? चालताबोलता सापळा, तोही बिनविषारी!

गंमत पुढेच आहे. बहुतेक माश्या शेकड्यांनी अंडी घालून मोकळ्या होतात. ही बाई मात्र एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि शरीरातल्या खास ग्रंथींमधून तिला चक्क दूध पाजते. जन्मणारी अळी जवळपास आईच्याच वजनाची! ती मातीत शिरून कोश करते. आयुष्यभरात पोरं होतात जेमतेम दहा-बारा. इतक्या तुटपुंज्या संततीवर ही जात टिकली कशी, याचंच नवल वाटतं.

पण माशी काळ्यावर बसते, मग झेब्र्याचं काय? तो तर अर्धा काळाच! २०१९ साली इंग्लंडमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुली घातल्या. रक्त पिणाऱ्या गोमाश्या घोड्याजवळ आल्या, पण उतरताना वेग कमी करायचा असतो तेच त्यांना जमेना. कुणी धडकली, कुणी बाजूने निघून गेली. झुलीवर बसल्या अगदी थोड्या. उघड्या डोक्यावर मात्र नेहमीइतक्याच. म्हणजे पट्टे सिंहाला चकवायला नसून चावऱ्या माश्यांना चकवायला असावेत, या मताला चांगलंच बळ मिळालं.

त्सेत्सेचं सर्वांत मोठं काम तर डोळ्यांना दिसतच नाही. तिच्या चाव्यातून ट्रिपॅनोसोमा नावाचा परजीवी पसरतो. जंगली जनावरं तो अंगात बाळगून मजेत चरतात, गाईबैल मात्र खंगून मरतात. जिथे गुरं तगत नाहीत, तिथे गोठा नाही, नांगर नाही, गावही नाही. सेरेंगेटीत आज सुमारे १३ लाख विल्डबीस्ट हरणं फिरतात. हे रान राखलं कायद्याने, त्याची किंमत मोजली तिथून हटवलेल्या मसाई गुराख्यांनी, आणि झाडीच्या पट्ट्यात माणसाला दीर्घकाळ अडवून धरलं ते या माशीने.

याच परजीवीच्या काही जाती माणसाला निद्रारोग देतात. पर्यटकांना तो क्वचितच होतो, पण त्यावर लस नाही. म्हणून खाकी, बेज, फिकट हिरवे, जरा जाडसर आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. धावत्या वाहनामागे ही माशी हटकून लागते, तेव्हा झाडीत काचा वर करा. मोकळ्या माळावर तिचा उपद्रव फारसा नसतो.

सूर्य मावळला की पाळी मलेरियाच्या डासांची. त्यांच्यावर क्रीम चालतं. प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वेटर विसरू नका : न्गोरोन्गोरो विवराचा काठ सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे आणि पहाटे तिथे हुडहुडी भरते. प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका, टांझानियात २०१९पासून त्यांवर बंदी आहे. केनियाही करणार असाल तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी टोचून घ्या. या रोगाचा डास आपल्याकडे मुबलक आहे, रोग मात्र अजून शिरलेला नाही. म्हणून परतताना लशीचा दाखला नसेल, तर भारतात ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

आणि घरी आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आलाच, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : मी आफ्रिकेत जाऊन आलोय.