पश्चप्रवाह (पाणीपुरवठा)

पश्चप्रवाह म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या जलवाहिनीत ठरलेल्या दिशेच्या उलट होणारा प्रवाह होय. शुद्ध पाण्याची नळव्यवस्था आणि सांडपाणी, खत, रसायन किंवा अन्य दूषित द्रव यांच्यामध्ये निर्माण झालेल्या प्रत्यक्ष अथवा संभाव्य दुव्यास परस्परजोड किंवा क्रॉस कनेक्शन असे म्हणतात. असा दुवा वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकतो. ज्या क्षणी नळातील दाब घटतो, त्या क्षणी त्याच दुव्यातून दूषित द्रव नळात शिरतो. पाणी शुद्धीकरण केंद्रातून कितीही निर्मळ निघाले, तरी त्यापुढील प्रवासात ते दूषित होऊ शकते, हे या विषयाचे मर्म आहे.

कारणे

पश्चप्रवाह दोन प्रकारे घडतो. जलवाहिनी फुटल्याने, पुरवठा बंद झाल्याने किंवा खालच्या भागात एकदम मोठा उपसा झाल्याने नळात ऋण दाब निर्माण होतो आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. वरच्या मजल्यावर बादलीत बुडवून ठेवलेली रबरी नळी अशा वेळी वक्रनलिकेप्रमाणे काम करते व बादलीतील पाणी सार्वजनिक वाहिनीत उतरते. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाच्या बाजूचा दाब वाहिनीतील दाबापेक्षा अधिक असतो. बोअरचे पाणी व नगरपालिकेचा नळ एकाच पाइपला जोडून मध्ये केवळ एक कॉक ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आढळते. हा कॉक उघडा राहिला, तर बोअरच्या मोटारीचा दाब बोअरचे पाणी गल्लीतील सर्वांच्या नळात लोटतो.

जायकवाडी ते नळ

गोदावरीवरील जायकवाडी धरण पैठण येथे १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या नाथसागर जलाशयातून छत्रपती संभाजीनगर शहराला पाणी मिळते. उपसलेले पाणी पैठण तालुक्यातील फारोळा येथील केंद्रात शुद्ध होऊन नक्षत्रवाडीमार्गे शहरात पोहोचते. ७०० व १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या वाहिन्यांवर हा पुरवठा दीर्घकाळ अवलंबून राहिला. पाणी अपुरे असल्याने वसाहतींना ते काही दिवसांच्या अंतराने, ठरावीक वेळ सोडले जाते.

पश्चप्रवाहाच्या दृष्टीने ही खंडित पद्धतच सर्वांत धोक्याची आहे. सतत दाबाखाली असलेल्या वाहिनीला छिद्र असेल, तर पाणी बाहेर गळते. मात्र ओलसर जमिनीतील रिकाम्या वाहिनीत त्याच छिद्रातून गटाराचे पाणी आत झिरपते. पुरवठा सुरू होताच ही घाण पहिल्या पाण्याबरोबर घरोघरी जाते. नळाला पाणी आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी सोडून देण्याची गृहिणींची सवय त्यामुळे योग्यच ठरते, परंतु नंतरचे स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असेलच असे नाही.

टंचाईवर लोकांनी शोधलेले उपाय धोका वाढवतात. दाब कमी म्हणून नळ जमिनीखाली खड्डा करून घेतला जातो. या खड्ड्यात सांडपाणी साचते, बिनतोटीचा नळ त्यात बुडतो आणि पुरवठा थांबताच तेच पाणी नळात परत शोषले जाते. नळाला थेट टिल्लू पंप लावल्यास वाहिनीतील दाब वातावरणीय दाबाच्याही खाली जातो; मग शेजारच्याच्या नळाचा खड्डा व वाटेतील प्रत्येक गळका सांधा आत ओढू लागतो. मोटार लावणाऱ्याला पाणी मिळते, दूषित पाण्याची झळ मात्र साऱ्या गल्लीला बसते. कारवाई टिल्लू पंप जप्त करण्यापुरती राहते, कारण या प्रश्नाकडे बहुधा पाणीचोरी म्हणूनच पाहिले जाते.

साथी

नोव्हेंबर २०१७ मध्ये याच शहरातील छावणी परिसरात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने गॅस्ट्रोची मोठी साथ पसरली व हजारो रहिवाशांना उपचार घ्यावे लागले. दिल्लीत १९५५-५६ मध्ये नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे वाहत यमुनेवरील वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. त्यानंतर सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. वाढीव क्लोरीन देऊनही विषाणू पुरते नष्ट झाले नव्हते. ही साथ हिपॅटायटिस ई या विषाणूची असल्याचे पुढे मानले गेले. शिकागोत १९३३ साली दोन हॉटेलांतील सदोष नळजोडण्यांमुळे अमीबाजन्य आमांश पसरून ९८ जण दगावले. अमेरिकेत क्रॉस कनेक्शनविषयक नियम कडक होण्यास ही घटना कारणीभूत ठरली.

शेतीतील पश्चप्रवाह

पैठण तालुक्यात मोसंबीच्या बागांना ठिबकमधून विद्राव्य खते देतात. खताची टाकी किंवा व्हेंचुरी पंपाच्या मुख्य पाइपला जोडलेली असते. वीज अचानक गेली आणि फूट व्हॉल्व्ह गळका असला, की पाइपमधील खतमिश्रित पाणी विहिरीत परत उतरते. फवारणीच्या टाकीत नळी बुडवून पाणी भरताना कीटकनाशकाबाबतही हेच होऊ शकते. शेतवस्तीवर पिण्याचे पाणी अनेकदा त्याच विहिरीचे असते. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक प्रमाण तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवू शकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

प्रतिबंध

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे हवेचे अंतर. नळाचे तोंड हौदाच्या काठापासून नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट आणि कोणत्याही स्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही इतके वर ठेवावे. २० मिलिमीटरच्या नळासाठी हे अंतर ४० मिलिमीटर होते. मधल्या हवेतून पाणी उलटे चढू शकत नाही आणि यात बिघडण्यासारखा भागही नसतो. पैठणच्या नाथवाड्यात श्रीखंड्याचा म्हणून ओळखला जाणारा रांजण नाथषष्ठीच्या सुमारास भाविक गोदावरीच्या पाण्याने वरून भरतात. वरून ओतून भरण्याची ही रीत हवेच्या अंतराचेच जुने रूप म्हणता येईल. नळाची नळी हौदाच्या तळापर्यंत नेण्याची प्रथा मात्र हे अंतरच नाहीसे करते.

जेथे अंतर ठेवणे शक्य नाही, तेथे एकाच दिशेने उघडणारी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. रेती वा गंज अडकल्यास ती पूर्ण मिटत नाही, म्हणून कारखाने, प्रयोगशाळा व रुग्णालये यांसारख्या ठिकाणी एकट्या झडपेवर विसंबणे अयोग्य आहे. तेथे दोन झडपा व त्यांच्या मधोमध दाब घटताच पाणी बाहेर सोडणारा निचरा असलेले उपकरण वापरतात व त्याची दरवर्षी चाचणी घेतात. ठिबक संचात विहीर व खताची टाकी यांच्या दरम्यान झडपेबरोबर हवा आत घेणारा व्हॉल्व्हही लावावा लागतो. बोअर व नळ यांचे पाणी एकत्र हवे असल्यास दोन्ही स्वतंत्रपणे एकाच टाकीत वरून सोडावे.

केंद्र शासनाच्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेनुसार जलवाहिनी व मलवाहिनी यांच्यात आडवे अंतर किमान ३ मीटर असावे आणि त्या एकमेकींना ओलांडतात तेथे जलवाहिनी किमान अर्धा मीटर वर असावी. अरुंद गल्ल्यांत हे पाळणे कठीण जाते.

टोकाच्या नळाला क्लोरीनचे प्रमाण प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम असणे अपेक्षित आहे. गावांत जलसुरक्षक ओ. टी. चाचणीने ते तपासतात. केंद्रातून क्लोरीन पुरेसा निघूनही एखाद्याच गल्लीत तो आढळत नसेल, तर टीसीएल पावडर वाढवण्याआधी त्या गल्लीतील जोडण्या तपासाव्या लागतात. मूळ कारण दूर करणारा उपाय सतत दाबाने पुरवठा हा आहे. कराडजवळील मलकापूर येथे मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबवली गेली. संभाजीनगरसाठी जायकवाडीहून २५०० मिलिमीटर व्यासाची नवी वाहिनी योजण्यात आली आहे, मात्र तिचे पाणी शहरातील जुन्या अंतर्गत नळांतूनच खंडित पद्धतीने वाटले गेल्यास पश्चप्रवाहाचा धोका तसाच राहील.