चमकणारी ग्रंथी काय सांगते आणि काय नाही

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ऑपरेशन म्हणजे नुसती गाठ काढणं नव्हे. गाठीबरोबर त्या भागाच्या रक्तवाहिन्यांभोवतीची चरबीही आम्ही एकसंध काढतो, कारण लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, त्या चरबीत दडलेल्या असतात. मसुराएवढ्या, वाटाण्याएवढ्या, नुसत्या डोळ्यांना सहसा वेगळ्या ओळखू येत नाहीत. पॅथॉलॉजिस्टला निदान १२ ग्रंथी तपासायला मिळाव्यात असा संकेत आहे. एका ग्रंथीत जरी रोग सापडला तरी टप्पा तिसरा ठरतो आणि बहुधा केमोथेरपी सुचवली जाते. तीच ग्रंथी हुकली तर? रुग्णाला दुसरा टप्पा सांगितला जातो, आणि गरज असलेलं औषध कदाचित मिळतच नाही.

इथे इंडोसायनिन ग्रीन, थोडक्यात आयसीजी, उपयोगी पडतं. हा रंग १९५०च्या दशकापासून वैद्यकात आहे. तो आदल्या दिवशी कोलोनोस्कोपीतून किंवा ऑपरेशनच्या सुरुवातीला गाठीच्या कडेने टोचतात. तिथून लसिकेबरोबर वाहत तो ग्रंथींत पोचतो. त्यावर सुमारे ८०० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की तो थोड्या जास्त तरंगलांबीचा प्रकाश परत देतो. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही. कॅमेरा तो टिपतो आणि पडद्यावर बहुधा हिरवा दाखवतो. यकृत हा रंग पित्तावाटे बाहेर टाकतं. आयोडीनची ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगायला हवं, कारण या औषधात सोडियम आयोडाइड असतं.

खरा फायदा कुठे? प्लीहेजवळच्या वळणावर. तिथल्या गाठीची लसिका मिडल कोलिक धमनीच्या बाजूने जाईल की लेफ्ट कोलिकच्या, हे आधी सांगता येत नाही. चमकती वाट दिसली की कुठवर कापायचं याचा अंदाज येतो.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. आयसीजी कर्करोगाच्या पेशी ओळखत नाही. ते फक्त लसिकेची वाट दाखवतं. निरोगी ग्रंथीही छान चमकते. आणि रोगाने गच्च भरलेल्या ग्रंथीत वाटच बुजलेली असते, म्हणून ती काळी राहू शकते! म्हणजे जी सापडायला हवी तीच दिसत नाही. शिवाय चरबी सेंटिमीटरभर जाड असली की प्रकाश अडतो, आणि टोचताना रंग सांडला तर सगळंच हिरवं. (हे होतं, बरं का.) त्यामुळे चमक बघून कापण्याची सीमा वाढवावी, पण चमकत नाही म्हणून ग्रंथी मागे ठेवू नये, असं आमचं मत आहे. स्तनाच्या कर्करोगात पहिली ग्रंथी तपासून बाकीच्या ठेवता येतात. आतड्यात तेवढा भरवसा नाही, कारण रोग कधी कधी जवळची ग्रंथी सोडून पुढच्या ग्रंथीत जातो.

नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, हिरवं सगळं निघालं ना?” तेव्हा आम्ही त्यांना पॅथॉलॉजीच्या अहवालातले दोन आकडे बघायला सांगतो: किती ग्रंथी तपासल्या, आणि त्यांपैकी किती बाधित निघाल्या.